कटरला कुंकू

मी भित्री आहे असं कुणी म्हटलं तर मी आधी भांडेन. तीस वर्षं शिलाई मशीनवर बसतेय मी. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, काय म्हणाल ते. मशीनला मोटर बसवलेली आहे. पाय दाबला की पळतं, पाय उचलला की थांबतं. दोनदा सुई बोटातून आरपार गेलीय, तरी ओरडले नाही. हातानं चाक फिरवून सुई वर घेतली, हळद दाबली आणि समोर बसलेल्या बाईला सांगितलं, संध्याकाळी या न्यायला. अशी मी. पण आमच्या ह्यांनी ते लाकूड कापायचं कटर घरात आणलं आणि माझ्या जिवाला जो घोर लागला, तो काही केल्या सुटेना.

हे म्हणजे माझे यजमान. सरकारी खात्यात कारकून होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. आयुष्यभर फायलींना टॅग बांधलेला माणूस. हातात हातोडी घेतली ती फार तर कॅलेंडरचा खिळा ठोकायला. त्यांनी सुतारकाम का सुरू केलं, हे सांगायचं तर आधी माझ्या सासऱ्यांचं सांगायला पाहिजे.

सासरे कंडक्टर होते. शेवटची चार वर्षं ते विसरत गेले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. एकदा सकाळीच घरातून निघाले आणि दुपारी टेंभुर्णीच्या स्टँडवर सापडले. बाकावर बसलेल्या लोकांपुढं हात करून तिकीट, तिकीट करत होते. हे त्यांना आणायला गेले. परत येताना बसमध्ये सासऱ्यांनी ह्यांना विचारलं, "साहेब, तुम्ही कुठं उतरणार?" पोटच्या पोराला विचारलं हो! हे घरी आले, हातपाय धुतले, ताटावर बसले आणि घास हातात धरून म्हणाले, "माझं असं व्हायला लागलं तर तू मला सांगायचं. लपवायचं नाही." मी म्हटलं, "गप जेवा. काहीतरी अभद्र बोलायचं." तरी ते घास खाली ठेवेनात, तेव्हा मी हो म्हटलं.

सासरे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण ह्यांच्या मनातनं ते टेंभुर्णीचं स्टँड गेलं नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला की मी हसायची, आणि ह्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मग माझं हसू तिथंच थिजायचं. रिटायर झाल्यावर कुणीतरी सांगितलं की रिकामं बसू नका, हात आणि डोकं दोन्ही चालतील असं काहीतरी नवं शिका. झालं. मोबाईलवर सुतारकामाचे व्हिडिओ सुरू झाले. कुठलातरी गोरा माणूस लाकूड कापतोय आणि आमचे हे वहीत मापं लिहून घेतायत.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची जुनी सायकल आणि ज्वारीची कोठी असायची. दोन्ही बाहेर निघाली. आधी ड्रिल आलं, मग लाकूड घासायचं मशीन आलं. पहिला चौरंग झाला, तो इतका डुगडुगायचा की एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागली. मी म्हटलं, "सत्यनारायण घालू या ह्याच्यावर, देव झोके घेतील." हे रागावले नाहीत. दुसरा चौरंग बरा झाला. तिसरा तर माझ्या बहिणीनं मागून नेला. खरं सांगते, तोवर मला मजाच वाटत होती. माणूस दुपारी झोपायचा सोडून कामाला लागलाय, मापं पाठ म्हणून दाखवतोय, रात्री शांत झोपतोय, आणखी काय पाहिजे?

मग कटर आलं. हातात मावेल एवढंच, पण पुढं दातेरी चकती. भवानी पेठेत एक मुसलमान मिस्त्री आहेत, दारं-खिडक्यांचं काम करतात. ह्यांनी त्यांना गुरू केलं होतं. कटर कसं धरायचं ते दाखवायला मिस्त्री स्वतः घरी आले. साठीचा माणूस, दाढी पिकलेली, दहाची दहा बोटं शाबूत. त्यांनी बोटं पसरून आम्हाला दाखवली आणि म्हणाले, "डर रखना, काका. जिस दिन डर गया, उस दिन उंगली गई." मग त्यांनी मशीन चालू केलं. आई गं! तो आवाज म्हणजे कुणी माझ्या दाढेतच ते घातलंय असं वाटलं. पत्रा थरथरला. मी दोन्ही कान दाबले आणि डोळे गच्च मिटून दारात उभी राहिले. त्यांनी ह्यांना काय काय समजावलं, कुठलं बटण कशाला, ते मी पाहिलंच नाही. डोळे उघडले तेव्हा फळीचे दोन तुकडे झाले होते आणि मिस्त्री चहा पीत होते.

त्या दिवसापासून माझी दुपार गेली. मी घरात मशीनवर बसलेली, आणि मागनं ते कटर किंचाळायचं. आवाज चालू असेपर्यंत जीव मुठीत. आवाज थांबला की त्याहून वाईट. का थांबला? फळी संपली म्हणून थांबला की काही झालं? हातातला ब्लाउज टाकून मी मागं पळायची. "हात दाखवा." हे दोन्ही हात पुढं करायचे. मी बोटं मोजायची, शाळेतल्या पोरांसारखी, एक एक करून. हे हसायचे. "अगं, आहेत की सगळी. वाढतील का काय तू मोजून?" एकदा तव्यावर भाकरी टाकून धावले तर भाकरीचा कोळसा झाला आणि वर मलाच ऐकावं लागलं, घरात धूर कसला म्हणून.

आता ह्यांच्या बाजूनं बोलायचं तर माणूस लई सावध. कारकुनी अक्षरात सूचनांचा कागद लिहून भिंतीला चिकटवला होता. चष्मा घालणे. सैल बाही नसावी. काम संपताच प्लग काढणे. नुसता काढून भागायचं नाही, वायर गुंडाळायची, तिला रबर लावायचं आणि मगच मशीन टेबलावर ठेवायचं. हे असं रोज, न चुकता. मी एकदा म्हटलं, "एवढं काय त्यात? माझ्या मशीनचा प्लग वर्षानुवर्षं बोर्डातच आहे." ते म्हणाले, "तुझ्या मशीनला दात नाहीत."

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळी, कात्री, कोयता, माझं शिलाई मशीन, स्कूटर. पुसून-पासून मांडायची, हळद-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ह्या वर्षी शेडमधल्या मशीनची पहिलीच खंडेनवमी, म्हणून हे नव्या नवरीच्या बापासारखे खूश. पहाटे उठून प्रत्येक मशीन तेलाच्या फडक्यानं पुसलं. टेबलावर पांढरं कापड अंथरून सगळी ओळीनं मांडली. मग फुलं आणायला स्कूटरवरून मार्केटात गेले.

मी शेडमध्ये रांगोळी काढायला गेले. रांगोळी झाली. उठताना टेबलाला धरलं आणि समोर ते कटर. पुसून लख्ख केलेलं, आडवं ठेवलेलं, वायर गुंडाळून रबर लावलेलं. मी त्याच्याकडे बघितलं. चार महिने मी ह्याला घाबरतेय. माझ्या पायाखाली मोटर पळते तीस वर्षं, आणि ह्या एवढ्याशाला मी घाबरते? लाज वाटली मला. मनात आलं, एकदा हातात धरून बघू. काय आहे ते कळलं तर भीती मोडेल. पूजा झाली की उद्यापर्यंत हात लावता यायचा नाही, आणि हे घरात असले की हात लावू द्यायचे नाहीत. आत्ताच काय ते.

रबर काढलं, सवयीनं मनगटात अडकवलं. वायर सोडली, टेबलाच्या मागच्या बोर्डात प्लग घातला, बटण दाबलं. कटर दोन्ही हातांनी उचललं. जड होतं. चकती अंगापासून लांब धरली, तोंड फिरवलं आणि बोटानं खटका ओढला.

काय सांगू. हातात जिवंत काहीतरी उसळलं. आवाज कानात नाही, हाडात शिरला. सोडून द्यावं हे सुचलंच नाही. उलट मी ते आणखी घट्ट आवळलं, जीव खाऊन, अंगठा कुठं गेला, तळवा कुठं गेला, काही कळलं नाही. आणि दोन-तीन सेकंदांत ते आपोआप मवाळ झालं. घर्र, घर्र, आणि थांबलं. माझी बोटं सैल पडली होती. मला वाटलं, मी सोडलं म्हणून थांबलं. पाय उचलला की थांबतं, तसं.

कटर होतं तसं आडवं ठेवलं. तेवढ्यात फाटकाशी स्कूटर वाजली. आता वायर गुंडाळत बसले तर पकडली जाईन, म्हणून मी ती कापडाच्या कडेखाली सारली आणि पदरानं तोंड पुसत घरात आले. प्लग बोर्डातच होता, हे माझ्या लक्षात होतं. ते मी नाकारत नाही. पण मशीन तर बंद झालंय, मग प्लग राहिला म्हणून काय बिघडलं? पूजा झाल्यावर काढू. स्वयंपाकघरात आले तर पंखा थांबलेला. लाईट गेली होती. सणाच्या तोंडावर लाईट जातेच आमच्याकडे, त्यात काय नवल! ती नेमकी कधी गेली आणि कटर कशानं थांबलं, ह्या दोन गोष्टी मी एकमेकींशी जोडल्याच नाहीत.

पूजा सुरू झाली. आधी घरात, माझ्या शिलाई मशीनची. मग विळी-कोयत्याची. मग आम्ही शेडमध्ये गेलो. लाईट आलेली नव्हती, शेडमध्ये घामानं जीव नकोसा झाला होता. हे पुढं, मी मागं निरांजनाचं ताट घेऊन. ह्यांनी ड्रिलला कुंकू लावलं, फूल वाहिलं. मग दुसऱ्याला. मग कटरकडे वळले. वायरकडे त्यांचं लक्षच गेलं नाही, नजर सगळी चकतीवर. भिजवलेल्या हळदीत अनामिका बुडवली, चकतीवर टिकली लावली. मग कुंकवात बोट बुडवलं. "ह्याला नीट लावतो," म्हणाले, "हे बिचारं सगळ्यात जास्त राबतं." आणि वाकून चकतीवर बोट टेकवलं.

लाईट आली.

कटर जागेवरच उसळलं. फुलं उडाली, कापड चकतीत गुंडाळलं गेलं आणि फाटलं, कुंकवाची वाटी माझ्या पायावर येऊन पडली. ते टेबलावरून गडगडत खाली आलं आणि फरशीवर नाचायला लागलं, ठिणग्या उडवत, रांगोळीतनं. मी? मी ताट धरून उभी. हे टेबलाच्या मागं वाकले, डाव्या हातानं प्लग उपसला. मग सगळं थांबलं. ह्यांच्या उजव्या हातातून काय गळत होतं, कुंकू की रक्त, मला समजेना. मी बोटं मोजायला लागले आणि मोजता येईनात. तिनाच्या पुढं आकडाच आठवेना.

बोटं होती. अनामिकेचं पेर उभं फाटलं होतं, नखासकट. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पाच टाके घातले. म्हणाले, थोडक्यात वाचलं, आणखी जरा आत गेलं असतं तर पेर ठेवता आलं नसतं. मी बाकावर बसून पदरात तोंड खुपसून रडत होते. टाके घालताना हे जरासुद्धा कण्हले नाहीत. पट्टी बांधून झाली तेव्हा माझ्याकडे वळले.

"मी प्लग काढला होता की गं," म्हणाले.

मी पदरानं डोळे पुसायला लागले.

"वायर गुंडाळली होती. रबरसुद्धा लावलं होतं. तू काही हात लावला होतास का त्याला?"

आत्ता लिहितानाही माझा हात थांबतो. त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं, हो, लावला होता. पण त्यांच्या हाताची ती पट्टी, त्यावर उमटलेला लाल डाग, समोर डॉक्टर, दारात शेजारचे दोघं. तोंडातून शब्द निघून गेला. "मी? मी कशाला लावू? मला त्याच्या आवाजानं धडकी भरते, ठाऊक नाही का तुम्हाला?"

खरंच होतं ते. सगळ्या आळीला ठाऊक होतं. शेजारीण दारातून म्हणालीसुद्धा, "ह्या तर लांबनंच पळतात की हो." हे माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग मीच विसरलो."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "होतं असं वयात. जाऊ द्या."

पहिले दोन-तीन दिवस मला फक्त माझं पडलं होतं. कळलं तर काय म्हणतील, किती ओरडतील, लोकांत काय नाचक्की होईल. ह्यांच्या डोक्यात काय चाललंय हे मला चौथ्या दिवशी दिसलं. जेवून उठले आणि गॅसपाशी जाऊन उभे राहिले. बटण बंद होतं. हात लावून बघितलं. बाहेर आले, परत गेले. मग मला विचारलं, "बंद आहे ना? तू बघ एकदा." मी म्हटलं बंद आहे, तेव्हा जाऊन बसले.

मग ते वाढतच गेलं. नळ बंद आहे का, तू बघ. मी सकाळची गोळी घेतली का, तू सांग. कडी लावली का? बँकेचं पासबुक माझ्या हातात दिलं, तुझ्याकडं ठेव म्हणून. स्कूटरची किल्ली दिली. वहीत लिहायला लागले: आंघोळ झाली, चहा झाला. माणूस शेडकडे फिरकेना. दुपारी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि मला कळायचं की झोप लागलेली नाही. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. कान दिला तर नातेवाइकांची नावं. एकेकाची, धाकट्यांपासून थोरल्यांपर्यंत.

मी घाबरले. कटरला घाबरत होते ती भीती काहीच नव्हती. तिथं बटण होतं, प्लग होता. इथं चांगला हिंडता-फिरता माणूस माझ्या एका शब्दावर रोज खचत चालला होता, आणि तो शब्द मागं घ्यायला माझी जीभ उचलत नव्हती. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. चहा व्हायचा, आंघोळ व्हायची, हे विचारायचे, "लाईटचं बटण बंद केलं का गं मी?" आणि मी म्हणायची, "केलं." म्हटलं, आज नको. आणि जेवढे दिवस गेले तेवढं सांगणं अवघड झालं. त्या दिवशी सांगितलं असतं तर चूक होती. आता लबाडी झाली होती.

एक दिवस मिस्त्री आले. ह्यांनीच निरोप धाडला होता, सगळी मशीन घेऊन जा म्हणून, कुणाला तरी उपयोगी पडतील. मिस्त्रींनी कटर हातात घेतलं, उलटंपालटं केलं. हे आत पलंगावर. मी शेडच्या दारात उभी.

"भाभी," ते हळू आवाजात म्हणाले, "इसको लॉक का बटन है. खटका ओढके ये अंगूठेसे दबाए तो हात सोडे तो बी चालूच रहता. लाईट जाके आई तो बी चालू." त्यांनी मला ते बारीकसं बटण दाखवलं. मी ते पहिल्यांदा बघितलं. म्हणजे मी सोडलं म्हणून ते थांबलंच नव्हतं, लाईट गेली म्हणून थांबलं होतं.

मिस्त्री पुढं म्हणाले, "ये बटन डरे सो हात से दबता. कसके पकडे तो अंगूठा जाके उसपे बैठता. काका का हात तो नरम है." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी तिथंच सगळं कबूल केलं असतं. कटर फडक्यात गुंडाळून ते म्हणाले, "मेरे पास अमानत रहेगा," आणि गेले.

मी शेडच्या उंबऱ्यावर बसून राहिले. मिस्त्रींना कळलं होतं. आता ते ह्यांना सांगतील का? सांगावं असं एक मन म्हणायचं, म्हणजे मी सुटले. पण त्यांनी काही सांगितलं नाही. सांगायचं काम माझं आहे, असं त्यांना वाटलं असणार.

पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, पप्पांचा आवाज कसा झालाय! मेंदूच्या डॉक्टरांना दाखव." हे ऐकत होते. मला वाटलं नको म्हणतील. ते म्हणाले, "दाखवू या. लवकर कळलेलं बरं. दादांचं आपण उशिरा ओळखलं." दादा म्हणजे माझे सासरे. त्यांनी स्वतःच जाऊन नंबर लावला आणि दोनदा मला विचारलं, तारीख बरोबर सांगतोय ना मी?

मेंदूच्या डॉक्टर बाई होत्या, तरुण, आमच्या लेकीएवढ्या. त्यांनी ह्यांची परीक्षाच घेतली. वार, तारीख, शंभरातून सात सात वजा करत जा. तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. घड्याळ काढायला लावलं. आमच्या ह्यांनी टाके पडलेल्या हातानं असं गोल घड्याळ काढलं की वाण्याच्या दुकानात लावावं. डॉक्टर हसल्या. "काका, माझ्यापेक्षा चांगलं आहे तुमचं. मग विसरताय असं वाटलं कशावरून?"

ह्यांनी पट्टी बांधलेलं बोट वर केलं. आणि सांगायला लागले. पहाटे किती वाजता उठले, कुठलं फडकं घेतलं, कुठलं मशीन आधी पुसलं. प्लग उजव्या हातानं काढला. वायरला सहा वेढे बसले, सातवा बसेना म्हणून टोक आत खोचलं. हिरवं रबर लावलं. "हे सगळं मला असं समोर दिसतं, मॅडम," ते म्हणाले, "आणि ह्यातलं काहीच झालेलं नव्हतं. प्लग आतच होता. म्हणजे मी नुसतं विसरत नाही, न झालेलं मनानं रचतोय. वडिलांना तसंच व्हायचं. त्यांना बस दिसायची." शेवटचं वाक्य बोलताना त्यांची हनुवटी थरथरली. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी ते पहिल्यांदा बघितलं.

"सहाच वेढे होते," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडे वळले.

"सहा होते, आणि रबर हिरवंच होतं. मी काढलं. मी चालू करून बघितलं होतं, तुम्ही फुलं आणायला गेला होता तेव्हा. प्लग मी घातला. तुम्ही काही विसरला नव्हता."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. मी वाट बघत होते की आता हे ओरडतील. ओरडावं, चारचौघांत पाणउतारा करावा, मला चाललं असतं. ह्यांनी ते घड्याळ काढलेला कागद घडी करून खिशात ठेवला, डॉक्टरांना नमस्कार केला आणि बाहेर आले.

जिन्यात मी मागून म्हटलं, "अहो, मला भीती वाटली हो. लई भीती वाटली."

ते दोन पायऱ्या उतरून थांबले. वळले नाहीत.

"टाके घातले त्या दवाखान्यात मी तुला विचारलं," म्हणाले, "तेव्हा मला सगळं चांगलं आठवत होतं. वेढेसुद्धा. तू नाही म्हणालीस, म्हणून मी माझं डोकं खोटं धरलं. तुझं खरं धरलं."

ते खाली उतरले, रस्त्यावर गेले आणि डावा हात वर करून त्यांनी रिक्षा थांबवली.